पाचाच्या पाढ्यात अडकलेलं लॉगिन: रिव्हर्स झोन उभारण्याचं एक प्रकरण

"मॅडम, लॉगिन होतंय, पण आधी नुसतं बसून राहतं." फोनवरचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पहिली शंका सवयीने लोडवर गेली. तिथे गेल्यावर मात्र मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून दहा वेळा एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन केलं. कधी दहा सेकंद, कधी पंधरा, कधी वीस. तेरा किंवा सतरा एकदाही आले नाहीत. लोडमुळे होणारा उशीर असा पाचाच्या पाढ्यात येत नाही. पाचाचा पाढा आला की ओळखायचं, कोणीतरी कुणाला तरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतंय. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका डीएनएस सर्व्हरसाठी (यंत्राच्या नावावरून पत्ता किंवा पत्त्यावरून नाव सांगणारा) पाच सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात, आणि ही फेरी दोनदा होते. दोन सर्व्हर असले तर जास्तीत जास्त वीस.

हे त्या प्रकरणाचं टिपण: पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएसची वही, म्हणजे रिव्हर्स झोन, नसल्याने काय झालं आणि ती कशी उभारली. नावं आणि पत्ते बदलले आहेत, घोळ जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यातले काही माझे आहेत.

नेटवर्क असं होतं. सर्व्हर १०.२०.१०.०/२४ मध्ये (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले, शेवटचा मोकळा; रेघेमागचा आकडा लहान तसा पत्त्यांचा पसारा मोठा). लोकांचे पीसी आणि लॅपटॉप १०.२०.४.०/२३ मध्ये, म्हणजे ४ आणि ५ हे दोन्ही भाग, पत्ते डीएचसीपीवर, म्हणजे यंत्र जोडलं की आपोआप मिळणारे. प्रिंटर आणि कॅमेरे १०.२०.१२.०/२४ मध्ये. दुसऱ्या इमारतीतली शाखा १०.२०.६४.०/२२ वर, तिचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर. मुख्य जागेत बाइंड (डीएनएस सर्व्हरचा प्रोग्राम) चालवणारी दोन लिनक्स यंत्रं, आतलं डोमेन ऑफिस.इंटरनल. (२०२४ च्या जुलैमध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने 'इंटरनल' हे नाव खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं, ते बरं झालं. 'लोकल' वापरणाऱ्यांची एमडीएनएसशी, म्हणजे तेच नाव वापरून सर्व्हरशिवाय यंत्रं शोधणाऱ्या पद्धतीशी, रोजची मारामारी मी पाहिली आहे.) नावावरून पत्ता शोधायची सोय व्यवस्थित होती. पत्त्यावरून नाव शोधायची सोय मुख्य जागेत नव्हतीच. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. इंटरनेटच्या तोंडाशी नवा फायरवॉल बसला होता आणि बॅकअपसाठी नवं यंत्र आलं होतं. ते यंत्र एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वाटून वापरायची पद्धत) फाइल सर्व्हरची शेअर जोडू पाहायचं आणि 'परवानगी नाही' खाऊन परत यायचं. साहजिकच सगळ्यांचं बोट त्या यंत्राकडे.

शांततेची किंमत

एसएसएच सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावला. इथे एक बारकी खोड सांगते: टीसीपीडंपला उणे-एन दिलं नाही तर प्रत्येक पाकिटाचा पत्ता नावात बदलायला तो स्वतःच उलटे प्रश्न विचारत बसतो. ज्या रोगाचा तपास चाललाय तोच तुम्ही अंगाला लावून घेता. उणे-एन देऊन बघितलं तर चित्र स्वच्छ. १०.२०.४.३१ वरून कोणी लॉगिन केलं की सर्व्हर पहिल्या डीएनएसला विचारतो: ३१.४.२०.१०.इन-अ‍ॅडर.आर्पा चा पीटीआर, म्हणजे त्या पत्त्याच्या नावाची नोंद, काय? पाच सेकंद काही नाही. मग दुसऱ्याला तोच प्रश्न. परत काही नाही.

पत्ता उलटा का लिहिलाय, हा प्रश्न तिथला सिस्टिम सांभाळणारा मुलगा विचारत होता, आणि पुढचा एक घोळ यातूनच निघाला, म्हणून जरा थांबते. पाकिटावर आपण आधी घर लिहितो, मग गल्ली, शेवटी गाव. डीएनएसचं नावही तसंच: डावीकडे नेमकं, उजवीकडे व्यापक. आयपी पत्ता याच्या बरोबर उलटा, त्यात गाव आधी आणि घर शेवटी. दोन्हींची सांगड घालायला पत्त्याचे चार तुकडे उलट्या क्रमाने लावून शेवटी इन-अ‍ॅडर.आर्पा जोडतात. नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्येच हे लिहिलेलं आहे. उलटलं की झाडासारखे अधिकार वाटता येतात: १०.इन-अ‍ॅडर.आर्पा एकाकडे, त्याखालचं २०.१० दुसऱ्याकडे, त्याखालचं ६४.२०.१० तिसऱ्याकडे.

मग आमच्या डीएनएसना उत्तर का देता येत नव्हतं? ते प्रश्न बाहेर पाठवत होते. जुना फायरवॉल जाऊ द्यायचा, बाहेरून लगेच 'असं नाव नाही' असा एनएक्सडोमेन यायचा. मुलाच्या वहीत डिगचं (डीएनएसला थेट प्रश्न विचारायची आज्ञा) एक जुनं आउटपुट चिकटवलेलं सापडलं. त्यात अधिकाराच्या ओळीत लिहिलं होतं: प्रिझनर.आयाना.ऑर्ग. खासगी पत्त्यांबद्दलचे असे भरकटलेले प्रश्न झेलायला एएस११२ नावाची व्यवस्था जगभर चालते, तिथला हा सर्व्हर, नाव 'कैदी'. म्हणजे आतल्या प्रत्येक लॉगिनबद्दलचा एक प्रश्न वर्षानुवर्षं कुठल्या तरी परक्या दारावर जाऊन 'नाही' ऐकून परत येत होता, आणि त्या 'नाही'वरच आमचं सगळं सुरळीत चाललं होतं. नव्या फायरवॉलने खासगी पत्त्यांचे प्रश्न बाहेर सोडणं बंद केलं. ते त्याने योग्यच केलं. पण त्यामुळे 'नाही' सुद्धा यायचं थांबलं.

'नाही' हे उत्तर काही मिलिसेकंदांत मिळतं. शांतता पाच-पाच सेकंदांनी महाग पडते. नाव नसल्यामुळे लॉगिन अडत नव्हतं, उत्तर द्यायला कोणीच नसल्यामुळे अडत होतं.

मुलाने विचारलं, "एसएसएचमध्ये यूज-डीएनएस बंद करून टाकू का?" येणाऱ्याचं नाव डीएनएसला विचारून ताडायचं की नाही, हे यूज-डीएनएस ठरवतं. ओपनएसएसएच ६.८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळात बंदच असतं. इथे कुणीतरी मुद्दाम चालू ठेवलं होतं, आणि कारण ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये दिसलं. कुठल्या यंत्रावरून कोणती किल्ली चालेल, हे तिथे नावाने लिहिलेलं. ते बंद केलं की नावाच्या सगळ्या अटी पडणार. म्हटलं, नको.

दहा मिनिटांचा आराम आणि त्याचा हिशेब

बाइंड खरं तर इतका भोळा नाही. खासगी पत्त्यांसाठी तो आपणहून रिकामे झोन तयार ठेवतो आणि असे प्रश्न घरातच 'नाही' म्हणून मिटवतो. तरी ते बाहेर जातायत म्हणजे कोणीतरी ती सोय बंद केली असणार. फाइल उघडली. ओळ होतीच: एम्प्टी-झोन्स-एनेबल नो. वर टिप्पणी नाही, तारीख नाही, कुणाचं नाव नाही.

मी ती ओळ काढली, बाइंड रीस्टार्ट केला. लॉगिन सेकंदाच्या आत. सगळे खूश. एनएफएसची तक्रार मात्र तशीच राहिली, आणि ते अपेक्षितच होतं: फाइल सर्व्हरवर शेअर 'तारांकित ऑफिस.इंटरनल'ला दिलेली, म्हणजे या डोमेनमधल्या कुठल्याही यंत्राला. येणाऱ्याकडे असतो फक्त पत्ता, त्यामुळे सर्व्हर पत्त्यावरून नाव शोधतो आणि मग ते नाव डोमेनमध्ये बसतं का ते बघतो. जुन्या बॅकअप यंत्राचं नाव फाइल सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये (यंत्राची स्वतःची नाव-पत्त्यांची यादी) हाताने टाकलेलं होतं, म्हणून ते चालायचं. नव्याचं नव्हतं. फायरवॉल आणि बॅकअप, दोन निराळी दुखणी एकाच आठवड्यात आल्यामुळे एक वाटत होती.

रात्रीचा बॅकअप चुकवायचा नव्हता, म्हणून नव्या यंत्राची एक ओळ होस्ट्समध्ये टाकून आम्ही घरी गेलो. ती ओळ लक्षात ठेवा.

सकाळी शाखेचा फोन. म्हणजे शाखेचं सगळं चालू होतं, पण मुख्य जागेतल्या देखरेखीच्या पडद्यावर काल शाखेतल्या यंत्रांची नावं दिसत होती, आज नुसते आकडे. बिनकारणी ओळीचं कारण आता उमगलं. शाखेच्या ६४ ते ६७ या चार भागांचे उलटे प्रश्न शाखेच्या सर्व्हरकडे वळवायला बाइंडमध्ये चार फॉरवर्ड झोन लिहिलेले होते. पण १०.इन-अ‍ॅडर.आर्पा चा रिकामा झोन चालू असला की बाइंड स्वतःला त्या सगळ्या पसाऱ्याचा मालक समजतो. मालकाच्या वहीत नोंद नसेल तर तो छातीठोकपणे 'नाही' म्हणतो, फॉरवर्ड करायचा विचारच करत नाही. आधीच्या माणसाला हे नडलं असणार, आणि त्याने रिकामे झोनच उडवले असणार. त्याचं निदान बरोबर होतं. दोन शब्द लिहून ठेवले असते तर माझी सकाळ वाचली असती.

एक झोन की अनेक

आता खरा झोन उभारायचाच होता. प्रश्न होता कापायचं कुठे. झोनची हद्द टिंबावर पडते, म्हणून /२४ चा एक झोन किंवा /१६ चा एक झोन सरळ जातो, /२३ किंवा /२२ चा जात नाही. पर्याय एक: १०.२०.१०, ४, ५ आणि १२ साठी चार वेगळे झोन. पर्याय दोन: सगळ्या १०.२० साठी एकच, २०.१०.इन-अ‍ॅडर.आर्पा.

बरेच जण सवयीने /२४ चे तुकडे करतात, आणि विंडोज सर्व्हरचा विझार्डही तिकडेच नेतो. मी एकच मोठा घेतला. कारण सोपं: उद्या कोणी १०.२०.३० असं नवं सबनेट काढलं आणि झोन करायला विसरलं, तरी त्या पत्त्यांबद्दल उत्तर देणारा झोन आपलाच असेल, आणि नव्या यंत्राची नोंद टाकायला जागाही तयार असेल. बदल्यात जबाबदारी येते. १०.२० चे ६५,५३६ पत्ते आपण आपल्या नावावर केले, त्यामुळे ज्या भागाचा मालक दुसरा आहे तो स्पष्टपणे सोडून द्यावा लागतो. शाखेसाठी झोनमध्ये चार एनएस नोंदी केल्या, ६४, ६५, ६६ आणि ६७ साठी एकेक, शाखेच्या सर्व्हरकडे बोट दाखवणाऱ्या. जुने फॉरवर्ड झोन काढले. आता बाइंडला आपल्या वहीतच लिहिलेलं सापडतं की हे प्रश्न त्या दाराचे. रिकामे झोन चालूच ठेवले, कारण २०.१० हा त्यांच्यापेक्षा नेमका झोन असल्याने इथल्या प्रश्नांना तोच पुढे येतो.

झोनच्या डोक्यावरच्या एसओए नोंदीत शेवटचा आकडा असतो तो 'नाही' हे उत्तर इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावं याचा. आरएफसी २३०८ ने १९९८ मध्ये त्याचा हा अर्थ पक्का केला. मी जुन्या झोनमधून साचा उचलला आणि त्यातला ८६४०० तसाच राहिला. एक दिवस. याची फळं पुढे.

मुलाने लिहिलेल्या बावन्न ओळी

सर्व्हरच्या भागाची यादी एका स्प्रेडशीटमध्ये होती. तिच्यावरून ओळी लिहायचं काम मुलाने घेतलं. झोन चढवला, नेमड-चेकझोनने (झोन फाइल तपासणारी बाइंडची आज्ञा) 'ओके' दिलं, मी चाचणीला आपल्या पहिल्या डीएनएसचाच पत्ता विचारला: डिग उणे-एक्स १०.२०.१०.१०. उत्तर आलं, डीएनएस-०१.ऑफिस.इंटरनल. बॅकअपही चालत होता. आम्ही चहाला गेलो.

दोन दिवसांनी मी ती होस्ट्समधली तात्पुरती ओळ काढली. बॅकअप लगेच पडला.

डिगने १०.२०.१०.१५ विचारला तर एनएक्सडोमेन. झोन फाइल उघडली. (खऱ्या फाइलमध्ये हे अर्थातच रोमन लिपीत असतं.) ओळ होती:

१०.१५   आयएन   पीटीआर   बॅकअप-०१.ऑफिस.इंटरनल.

/२४ च्या झोनमध्ये डावीकडे एकच आकडा लागतो, १५. /१६ च्या झोनमध्ये दोन लागतात आणि तेही उलटे: १५.१०. मुलाने पत्त्यातले शेवटचे दोन आकडे जसे दिसले तसे उतरवले होते. त्यामुळे ही ओळ १०.२०.१०.१५ ची नसून १०.२०.१५.१० ची झाली, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या सबनेटमधल्या यंत्राची. बावन्नच्या बावन्न ओळी अशाच. एक सोडून. १०.२०.१०.१० मध्ये शेवटचे दोन आकडे सुलटे वाचा की उलटे, १०.१०. आणि चाचणीला मी नेमका तोच पत्ता घेतला होता.

नेमड-चेकझोनला यात काही वावगं दिसणार नाही, कारण व्याकरण बिनचूक आहे. आणि मुलगा 'चालतंय' म्हणत होता ते गेटएंट होस्ट्स वापरून बघत होता. ते आधी होस्ट्स फाइल बघतं, मग डीएनएस. तात्पुरती ओळ दोन दिवस चूक झाकत होती. तेव्हापासून माझा नियम: झोन तपासायचा तर डिगनेच, थेट सर्व्हरचं नाव घेऊन, आणि असा पत्ता निवडून ज्यात चारही आकडे वेगळे आहेत.

ओळी उलटवल्या. मुख्य जागेत सुरळीत. शाखेच्या बाजूने मात्र बॅकअप-०१ चं नाव अजून मिळेना, कारण शाखेच्या सर्व्हरने सकाळचं 'नाही' लक्षात ठेवलं होतं. माझ्या ८६४०० प्रमाणे ते दिवसभर राहिलं असतं. बाइंड असं उत्तर स्वतःहून तीन तासांपेक्षा जास्त ठेवत नाही, म्हणून तीन तासांवर निभावलं. आरएनडीसी फ्लशनेमने तेवढं एक नाव पुसता येतं, पण शाखेच्या सर्व्हरचा पासवर्ड असलेला माणूस जेवायला गेला होता. झोन नवा असताना तो आकडा ३०० ठेवावा, घडी बसली की वाढवावा. हे मला माहीत होतं. माहीत असून साचा उचलला.

दुसरा डीएनएस त्या दिवशी अर्धा दिवस जुनंच सांगत होता, कारण दुरुस्ती करताना झोनचा अनुक्रमांक वाढवायचा राहिला. अनुक्रमांक वाढला नाही तर दुय्यम सर्व्हरला काही बदललंय हेच कळत नाही.

एक ओळ तरीही निराळीच उत्तर देत होती. फाइल-०२ चा पत्ता विचारला की डिग म्हणायचा:

फाइल-०२.ऑफिस.इंटरनल.२०.१०.इन-अ‍ॅडर.आर्पा.

ओळीच्या शेवटचा टिंब गळला होता. टिंब नसेल तर बाइंड समजतो की नाव अपुरं आहे, आणि झोनचं नाव मागे चिकटवतो. सुलट्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या, झोनमध्ये ही सवय सोयीची, कारण तिथे 'फाइल-०२' एवढंच लिहून भागतं. उलट्या झोनमध्ये उजवीकडचं प्रत्येक नाव दुसऱ्या डोमेनमधलं असतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला टिंब हवाच.

तीनदा केलं की एकदा चालतं

फाइल-०१ चं प्रकरण जास्त चिवट निघालं. तिथे केर्बेरॉसचं (नेटवर्कवर ओळख पटवायची व्यवस्था) तिकीट घेऊन जोडणी व्हायची. तक्रार अशी, की कधी जोडलं जातं, कधी नाही. तीन-चार प्रयत्नांत एकदा. असली तक्रार ऐकली की मला नेटवर्कपेक्षा नावांचा संशय येतो. डिग उणे-एक्स एकाच पत्त्यावर लागोपाठ मारला. एका पत्त्याला तीन नावं, आणि दर वेळी क्रम वेगळा: फाइल-०१, शेअर, जुनं-दप्तर. स्प्रेडशीटमध्ये त्या एका यंत्राच्या तीन ओळी होत्या, मुलाने तिन्हींच्या पीटीआर केल्या.

नियमाने एका पत्त्याला अनेक पीटीआर चालतात. व्यवहारात ते न करणंच शहाणपणाचं. एमआयटी केर्बेरॉसमध्ये आरडीएनएस ही सेटिंग मुळात चालू असते: तुम्ही दिलेल्या नावावरून तो पत्ता काढतो, पत्त्यावरून परत नाव काढतो, आणि त्या दुसऱ्या नावाने तिकीट मागतो. तिकिटाची नोंद होती फाइल-०१ या नावाने. वर 'शेअर' आलं की तिकीट नाही. एक खरं नाव ठेवलं, त्याचाच पीटीआर, बाकी दोन नावं सीनेम (टोपणनाव) करून त्याच्याकडे वळवली. तक्रार संपली.

डीएचसीपीच्या भागासाठी दोन मार्ग होते. यंत्राला पत्ता दिला की डीएचसीपी सर्व्हरने डीएनएसमध्ये आपोआप नोंद करायची, किंवा प्रत्येक पत्त्याला आधीच एक ठरीव नाव देऊन टाकायचं. मी दुसरा घेतला. आपोआप नोंदीत लॅपटॉप आणि फोन स्वतःचं जे नाव सांगतील ते झोनमध्ये येतं, आणि फोनला लोक स्वतःचं नाव देतात. ते लॉगमध्ये आणि देखरेखीच्या पडद्यावर कशाला? शिवाय गेलेल्या यंत्रांच्या नोंदी झाडण्याचं काम मागे लागतं. विंडोजच्या डीएनएसमध्ये त्यासाठी सात आणि सात दिवसांची मुदत ठरलेली असते, पण झाडणी मुळात बंद असते, आणि ती चालू करायची बहुतेकांना आठवत नाही. बाइंडमध्ये डॉलर-जनरेट ही एक ओळ पुरते: २० ते २५० प्रत्येक आकड्यासाठी 'पीसी-४-आकडा' असं नाव तयार होतं. सुलट्या झोनमध्ये त्याच धर्तीची ओळ टाकली. ती टाकली नाही तर पत्त्यावरून नाव मिळतं पण त्या नावावरून पत्ता मिळत नाही, आणि एसएसएचचं यूज-डीएनएस नेमकं हे दोन्ही बाजूंनी जुळतं का तेच बघतं.

आयपीव्ही६ बद्दल मुलाने विचारलं, "तिकडे पण जनरेट करायचं?" तिथे पत्त्याचे ३२ षोडशमान अंक एकेक करून उलटे लावायचे आणि शेवटी आयपी६.आर्पा. एका /६४ मध्ये दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते; तेवढ्या ओळी कुठल्या डिस्कवर मावतील? सर्व्हरच्या मोजक्या पत्त्यांच्या नोंदी केल्या, बाकी सोडून दिलं.

बाहेरचा पत्ता आपला नसतो

याच ओघात एक विनंती आली: बाहेर जाणारा मेल कधीकधी परत येतो, तेही याच झोनमध्ये बसवा. मेल सर्व्हरचा बाहेरचा पत्ता, इथे उदाहरणापुरता, २०३.०.११३.४२. मुलाने उत्साहाने ११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा असा झोन आपल्या बाइंडवर उभारायला घेतला होता. थांबवलं. एक तर बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच लागणार नाही, कारण त्या रेंजचा अधिकार सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे आणि बाहेरचे लोक तिच्याच सर्व्हरला विचारतात. दुसरं, आपल्याकडे त्यातले फक्त आठ पत्ते, /२९. बाकी २४८ दुसऱ्यांचे. आपण पूर्ण /२४ चा झोन उभारला की आपल्या आतल्या माणसांसाठी ते २४८ पत्ते निनावी होणार. शाखेच्या बाबतीत जे झालं तेच, फक्त परक्यांच्या बाबतीत.

/२४ पेक्षा लहान तुकड्याचा अधिकार सीनेमच्या आडवाटेने देता येतो. मार्च १९९८ च्या आरएफसी २३१७ मध्ये ती युक्ती आहे. आठ पत्त्यांसाठी मात्र मी कुणाला ती सुचवणार नाही. सेवा देणाऱ्याला एक मेल लिहिला: या पत्त्याचा पीटीआर मेल सर्व्हरच्या या पूर्ण नावावर करा. सुलटी नोंद आधीच त्या पत्त्यावर होती, आणि सर्व्हर अभिवादनात तेच नाव सांगतो हे तपासून घेतलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याच्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून सुलटी-उलटी जुळणी मागतं, त्यामुळे हा आता हौसेचा विषय राहिलेला नाही. दोन दिवसांत नोंद झाली.

अनोळखी-७७

शेवटी स्प्रेडशीट आणि प्रत्यक्ष यंत्रं ताडून बघितली. सर्व्हरच्या भागात स्विचच्या एआरपी तक्त्यात (नेटवर्कवर दिसलेल्या पत्त्यांची यादी) सत्तावन्न पत्ते जागे होते. यादीत पन्नास यंत्रं. सातांपैकी सहांचे मालक एका दुपारीत सापडले. सातवा, १०.२०.१०.७७, पिंगला उत्तर द्यायचा, बाकी कशालाच नाही. कोणाला माहीत नाही. पीटीआर रिकामा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी त्याला अनोळखी-७७.ऑफिस.इंटरनल असं नाव दिलं आणि सुलट्या झोनमध्येही टाकलं.

फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये हा पत्ता रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक शेअर जोडायचा. जुने लॉग चाळले तर महिनोन्‌महिने. लॉग रोज कोणीतरी बघत होतं, आणि आकड्यांच्या रांगेत तो कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. 'अनोळखी-७७' मात्र भरला. आठवड्याच्या आत हिशेब विभागातल्या एक बाई छापलेला कागद घेऊन आल्या: "अहो, हे अनोळखी कोण आमच्या फाइली रोज रात्री घेतंय?" मग त्याच म्हणाल्या, "थांबा, दोनचं टायमिंग... हे आपलं जुनं यंत्र तर नव्हे?" फळीवर कागदांच्या गठ्ठ्यामागे एक छोटा पीसी सापडला. दिवा चालू. जुन्या हिशेबाच्या प्रणालीसाठी कोणे एके काळी लावलेला, आणि ती प्रणाली बदलल्यावरही रोज रात्री इमानेइतबारे नक्कल काढणारा. त्याची डिस्क ९८ टक्के भरली होती.

बाईंनी तो बंद करू दिला नाही. म्हणाल्या, वर्षअखेर होऊ दे. म्हणून तो चालूच आहे. पीटीआर बदलून जुना-हिशेब-०१ केला, आणि झोन फाइलमध्ये त्या ओळीच्या वर तारीख, कारण आणि बाईंच्या विभागाचं नाव लिहून ठेवलं.